शेंगा लागलेला आवळा

आमच्या शहराच्या पश्चिमेला एक मोठं वनउद्यान आहे. त्याच्या फाटकावर तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत लिहिलेलं आहे की हे 'महानगराच्या कुशीतलं भव्य वर्षावन' आहे. मला तिन्ही भाषा वाचता येतात, त्यामुळे एकच थाप तीनदा वाचावी लागली. हैदराबादेत पाऊस चिडक्या पाहुण्यासारखा येतो. आला की घर डोक्यावर घेतो, आणि गेला की वर्षभर खबर नाही. अशा गावात वर्षावन कुठून यायचं? आत आहे ते आपलं दख्खनचं साधं रान: हत्तीएवढे करडे धोंडे, त्यांच्या फटींतून वर आलेली सीताफळं, कडुनिंब, पळस, बोरी, आणि कार्तिकात पिवळं पडू लागलेलं गवत. ते रान चांगलंच आहे. त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याने स्वतःला वर्षावन म्हणवून घेतलं नसतं.

पाटी लिहिणाऱ्याला मी फार बोल लावत नाही, कारण तीस वर्षं मी तेच काम केलं. सचिवालयात माझ्या टेबलावर कोनशिलांचे, उद्घाटनाच्या पाट्यांचे आणि साहेबांच्या भाषणांचे मसुदे व्हायचे. 'भव्य' हा शब्द मी कुठे कुठे चिकटवला याचा हिशेब द्यायची वेळ आली तर अवघड आहे. एकदा तो एका बसथांब्याला लावला. साहेबांनी त्यावर लाल शाईने काट मारलेली पाहून वाटलं, चला, कुणाला तरी लाज आहे. नीट पाहिलं, तर वर त्यांनी 'अतिभव्य' लिहिलं होतं.

या उद्यानाचे मात्र माझ्यावर उपकार आहेत, आणि ते पाटीपेक्षा साध्या शब्दांत सांगावेत म्हणून हे लिहितो आहे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस माझ्या बायकोच्या आजाराचं निदान झालं. आजाराचं नाव घरात कुणी घेत नसे. ती स्वतः मात्र बिनदिक्कत घ्यायची. चाळीस वर्षं शाळेत अंकगणित शिकवलेली बाई, तिला गोष्टी त्यांच्या नावाने बोलवायची सवय. केमोचे सहा डोस ठरले होते. चार झाले. केस गेले, त्याचं तिला फारसं वाटलं नाही. "तेल वाचलं," म्हणाली. पण चव गेली, आणि तिथे ती हरली. भात खाल्ला तरी तोंडात किल्ली धरल्यासारखं लागतं, म्हणायची. दूध किल्ली, केळं किल्ली, वरण म्हणजे अख्खा जुडगा. चौथ्या डोसानंतर ती दोन चमचे दहीभातावर आली आणि वजनकाटा दर आठवड्याला खाली सरकू लागला.

डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "मंगळवारी वजन बघतो. आणखी उतरलं, तर पाचवा डोस देता येणार नाही. थांबावं लागेल." थांबणं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. त्या दिवशी बुधवार होता. म्हणजे सहा दिवस.

सहा दिवसांत तिला काय खायला घालायचं यावर घरात मोहीम सुरू झाली. दादा आणि वहिनी तारनाक्याला राहतात, आम्ही नल्लकुंट्याला. वहिनी रोज एक डबा घेऊन यायच्या आणि तो जवळजवळ तसाच परत न्यायच्या. परत नेताना डबा जड असल्यासारख्या एका बाजूला झुकून चालायच्या. गुरुवारी त्या निघाल्या तेव्हा बायको पलंगावरून म्हणाली, "वहिनी, कार्तिक लागला ना? परभणीला मामांच्या मळ्यात आम्ही आवळीभोजनाला जायचो. घरात जेवत नसलेली पोरंसुद्धा तिथे ताटावर ताट जेवायची. मला एकदा झाडाखाली बसवा. बहुतेक जेवेन."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कार्तिकात आवळ्याच्या झाडाची पूजा करायची आणि त्याच्याच सावलीत बसून जेवायचं, एवढंच हे व्रत. आमच्या तेलुगू शेजाऱ्यांतही ते आहे. ते त्याला वनभोजनालु म्हणतात, आणि अख्खी वसाहत बसमध्ये घालून नेतात. देवाधर्मातली मला पूर्णपणे पटलेली ही एकच गोष्ट असेल, कारण तिच्यात जेवण हाच मुख्य विधी आहे.

बायकोने 'जेवेन' म्हटलेलं ऐकून वहिनी तिथेच रडल्या. दादाने लगेच अर्ज लिहायला घेतला.

हे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि वकिली. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील शिक्षण खात्यात, दादा पन्नास वर्षं वकील. आमच्याकडे तहान लागली तरी आधी कागद होतो. झाडाखाली बसून जेवायचं तर तिकीट काढून आत जावं आणि बसावं, हे कुणाही भल्या माणसाला सुचेल. दादाने इंग्रजीत लिहिलं, मराठीत सांगायचं तर: 'विषय: आवळा वृक्षाखाली कुटुंबासह भोजन करण्यास परवानगी मिळणेबाबत.' स्वतः उद्यानाच्या कचेरीत जाऊन पोच घेतली, आणि शनिवारी दुपारपर्यंत उत्तरही आणलं. अग्नी पेटवायचा नाही, कचरा परत न्यायचा, फळं-पानं तोडायची नाहीत. खाली गोल शिक्का. त्या शिक्क्याकडे दादा नातवंडाकडे पाहावं तसा पाहत होता.

"रविवार नक्को," म्हणाला. "गर्दी असते. हिला गर्दी चालणार नाही. सोमवारी सकाळी जाऊ."

सोमवार म्हणजे मंगळवारचा आदला दिवस. मला ते फार टोकाचं वाटलं, पण डॉक्टरांनीही बाहेर जायचं तर गर्दी टाळा, मास्क लावा, उकळलेलं पाणीच प्या, असं बजावलं होतं.

सोमवारी आम्ही चौघं सकाळी साडेआठला फाटकापाशी उतरलो. ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी होती. चालवणारा प्रत्येक 'पॉइंट'ला ती थांबवून नाव सांगायचा आणि आम्ही उतरण्याची वाट बघायचा. 'मयूर दर्शन बिंदू'ला सिमेंटचा कट्टा होता, दुर्बिणीतून पाहणाऱ्या माणसाचं चित्र होतं, मोर नव्हता. मोर पुढच्या वळणावर स्वच्छतागृहाच्या पत्र्यावर बसला होता आणि पिसारा खाली सोडून पुरुषांच्या दारावर पडदा टाकावा तसा पसरला होता.

"यांना बिंदू कळवलेला दिसत नाही," बायको मास्कमधून म्हणाली.

मग ते वर्षावन आलं. म्हणजे साधारण आमच्या वसाहतीच्या मैदानाएवढा तुकडा, मोठ्या पानांची कुठून कुठून आणलेली झाडं, आणि वर आडवे पाइप. नऊ वाजता पंप सुरू झाला आणि पाइपांतून बारीक तुषार पडू लागले. दादाने घड्याळ पाहून "वेळेवर आहे" असा शेरा दिला. मी काही खोचक बोलणार होतो, तेवढ्यात बायकोने गाडी थांबवायला सांगितली. एका पानाच्या देठाशी, नखाएवढा, हिरवट बेडूक बसला होता. खरा. पाइपच्या पावसावर विश्वास ठेवून तो इथे राहायला आला होता, आणि त्याचं बरं चाललेलं दिसत होतं. त्याचा गळा धडधड हलत होता. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. माझं खोचक वाक्य मी गिळलं, आणि अजून ते काय होतं ते आठवत नाही.

त्यानंतर मी पाट्या वाचणं सोडलं, आणि सकाळ एकदम सुधारली. एका प्रचंड धोंड्यावर दुसरा प्रचंड धोंडा केवळ टेकलेला होता, वाऱ्यानेही पडेल असा, आणि तो हजारो वर्षं पडलेला नव्हता. तळ्याच्या मधोमध वाळक्या फांदीवर पाणकावळा दोन्ही पंख पसरून वाळत बसला होता, दोरीवर टाकलेल्या वकिली डगल्यासारखा. (हे मी दादाला सांगितलं नाही.) वाटेच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांत कोळ्यांची जाळी दवाने जड होऊन लोंबत होती. एक मुंगूस वाट ओलांडताना मध्येच थांबलं, आम्हाला तपासलं, आणि किरकोळ लोक आहेत असं ठरवून पुढे गेलं. चार महिने मी दवाखान्याच्या भिंती पाहिल्या होत्या. हे सगळं आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर चालू होतं आणि त्यासाठी कुणी माझी सही मागितली नव्हती. मला त्या रानाचे आभार मानावेसे वाटत होते, पण असे आभार कसे मानतात ते माहीत नव्हतं.

गाडीवाल्याने एका मोकळ्या जागी सोडलं. तिथे मध्यम उंचीचं, नाजूक, बारीक पानांचं झाड होतं आणि बुंध्यावर नवीकोरी पाटी: आवळा, तेलुगूत उसिरि, खाली त्याचं लॅटिन नाव. दादाने कागद काढून ताडून पाहिला. "हेच."

वहिनींनी सतरंजी अंथरली. दादाने बुंध्याला हळदकुंकू लावलं, सूत गुंडाळलं, आणि निरांजन ठेवून वात लावली नाही.

"अग्नीला मनाई आहे," म्हणाला. "तो पेटलाय असं समजायचं."

"देव समजून घेतो का असं?" वहिनींनी विचारलं.

"कायद्यात असं पुष्कळ समजतात," दादा म्हणाला आणि मंत्र म्हणू लागला. त्याचा आवाज अजून खणखणीत आहे. चार मैना उडाल्या.

बायको खोडाला टेकून वर पाहत होती. "अहो," ती मला म्हणाली, "आवळ्याला शेंगा येतात का हो?"

मीही वर पाहिलं. झाडभर चपट्या, तपकिरी, वाळक्या शेंगांचे घोस लोंबत होते. वाऱ्याने खुळखुळत होते. त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं कठीण होतं.

"दादा, या शेंगा..."

दादाने मंत्र न थांबवता हाताने पाटी दाखवली.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. पाट्या कशा लिहिल्या जातात हे त्या जागेवर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी मी तिला म्हणालो, "संकरित जात असेल."

वहिनींनी पळसाच्या पत्रावळी मांडल्या. पुऱ्या, भरली वांगी, खट्टी दाळ, साखरभात, तिळाची चटणी, आणि वेगळ्या डब्यात दहीभात. त्या पहाटे साडेतीनला उठल्या होत्या हे दादाकडून मला नंतर कळलं. पुरी टम्म राहावी म्हणून त्यांनी डब्यात कागदाच्या घड्या घातल्या होत्या. बायकोने मास्क काढला, चष्मा नीट केला, आणि परीक्षेला बसावं तशी बसली. पुरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या रसात बुडवला, तोंडात घातला. आम्ही तिघंही दुसरीकडे बघत होतो आणि तिघंही तिच्याकडेच बघत होतो.

तिने तो घास चावला. पुन्हा चावला. डोळे मिटून कसाबसा गिळला. मग दहीभाताला बोट लावलं, आणि हात पत्रावळीच्या कडेला ठेवून दिला.

"छान झालंय, वहिनी," ती म्हणाली.

"किल्ली?" मी हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

वहिनी पुऱ्यांवरच्या कागदाच्या घड्या एकावर एक ठेवू लागल्या, अगदी कडेला कड जुळवून. दादाने घसा साफ केला. तो म्हणाला, "विधी झालाय. परिणामाला वेळ लागतो," आणि मला आयुष्यात पहिल्यांदा त्याची दया आली. उद्या मंगळवार होता. काटा समोर दिसत होता.

तेवढ्यात मागून आवाज आला. "क्या चल रहा जी इधर?"

खाकी वर्दीतली एक तरुणी उभी होती. कमरेला वायरलेस, हातात काठी, काखेत वही. वनखात्याची, या भागाची देखरेख करणारी अधिकारी. सूत गुंडाळलेल्या झाडाकडे ती बघत होती.

"अहो, तो कागद दाखवा ना," वहिनी दादाला कुजबुजल्या.

"मराठी व्हय?" ती मुलगी म्हणाली आणि काठी खाली टेकली. "दाखवा की आजोबा."

दादाने कागद दोन्ही हातांनी दिला. तिने सगळा वाचला, शिक्कासुद्धा. मग झाडाकडे पाहिलं, मग आमच्या पत्रावळींकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"कागद एकदम बरोबर आहे," ती म्हणाली. "झाड चुकलं तुमचं."

"पाटी आहे त्यावर," दादा म्हणाला.

"पाटी आवळ्याचीच आहे. झाड सुबाभूळ आहे."

"सरकारी पाटी आहे."

"हौ, सरकारीच. आजोबा, सुबाभूळ काय पाटी वाचतं?" तिने वर बोट केलं. "एवढ्या शेंगा लागल्यात. तुम्हाला दिसल्या नाहीत?"

"दिसल्या," मी म्हणालो. "आम्हाला वाटलं संकरित आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. सुशिक्षित माणसांकडे असं बघताना तिला बरंच काही आवरावं लागत असणार. "उद्घाटनाच्या आदल्या दिवशी घाईत लावल्या पाट्या," ती म्हणाली. "कंत्राटदाराच्या माणसांनी हाताला येईल त्या झाडाला ठोकल्या. मी दोनदा लिहून दिलंय वर. कागद फिरतोय अजून. पण काय आहे काका, रविवारी इतकी माणसं येतात वनभोजनाला. तेलुगू लोक, आजीबाई, पोरं. एक जण इथे बसत नाही. झाड बघतात आणि सरळ टेकाडामागे जातात, खऱ्या आवळ्याखाली. या पाटीखाली बसलेले तुम्ही पहिले."

शेंगा खुळखुळल्या.

आणि मग माझी बायको हसली. आधी नुसते खांदे हलले. मग तिने तोंडावर हात धरला, मग हातही सोडून दिला. "दादांनी सुबाभळीला..." ती बोलायला गेली आणि तिला बोलता येईना. "सूत... हळदकुंकू... आणि हे म्हणतात संकरित!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनी तिला सावरायला गेल्या आणि स्वतःच हसू लागल्या. दादा काही क्षण प्रतिष्ठेने बसून राहिला. मग म्हणाला, "मंत्र कुठल्याही झाडाला लागू पडतो," आणि त्यालाही राहवलं नाही.

त्या मुलीला काही समजेना. मी तिला थोडक्यात सांगितलं: आजार, चव, उद्याचं वजन. तिने ऐकून घेतलं. हळहळली नाही, त्याबद्दल मी तिचा आभारी आहे. "चालवेल का मावशींना?" एवढंच विचारलं. "दोनशे पावलं आहेत. टेकाडाला वळसा."

बायको माझा हात न धरता उठली.

वाटेत कळलं की त्या मुलीचे आजोबा नांदेडकडच्या एका खेड्यातून रेल्वेच्या कामावर इकडे आले आणि इथेच राहिले. तिचा जन्म इथला. शाळा तेलुगूत, कॉलेजात वनस्पतिशास्त्र, घरात आईशी मराठी. "वाचायला येत नाही मला नीट मराठी. बोलते नुसती," म्हणाली. मी म्हणालो, आम्हाला वाचता येतं, त्याचा परिणाम तू पाहिलासच.

आवळा टेकाडाच्या मागे होता. बुटका, जरा वाकडा, सालीचे पोपडे निघालेला, पाटी नसलेला. फांद्यांना फिकट हिरवे आवळे इतके गच्च लागले होते की पानं कमी आणि फळं जास्त. ऊन त्यांच्या आरपार जात होतं आणि प्रत्येकावरच्या रेषा मोजता येत होत्या. आता सगळ्यांनाच तो ओळखता आला असता, अगदी दादालाही.

"तोडायला मनाई आहे," दादा कागद चाचपत म्हणाला.

"आहेच," ती म्हणाली.

"खाली पडलेलं हिला चालणार नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांनी..."

"काकू, पदर धरा," ती वहिनींना म्हणाली. वहिनींनी गोंधळून पदर पसरला. मुलीने वही खाली ठेवली, बुंध्याला पाठ टेकली आणि दमल्यासारखी अंग मागे टाकून एकदा जोरात रेलली. टप टप टप सहा-सात आवळे पदरात आले. "सकाळपासून फिरतेय. टेकावं लागतं कधीकधी," ती दादाला म्हणाली. दादाने वकिली आयुष्यातली सगळी समज एकवटून दुसरीकडे पाहिलं.

मी थर्मासमधल्या उकळलेल्या पाण्याने एक आवळा धुतला. पुन्हा धुतला. चाकू धुतला. तिसऱ्यांदा आवळा धुवायला घेतला तेव्हा बायकोने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि चावला.

तिचा चेहरा आक्रसला. एक डोळा मिटला, खांदे कानांपर्यंत गेले. मी पाण्यासाठी वळलो. तिने मला थांबवलं.

"आंबट आहे," ती म्हणाली.

"मग थुंक..."

"अहो, आंबट आहे!" तिने माझं मनगट धरलं. "मला आंबट लागतंय. तुरट लागतंय. किल्ली नाही लागत."

तिने दुसरा घास घेतला, पुन्हा तसंच तोंड केलं. मग पाणी मागितलं, आणि एक घोट घेऊन कप खाली ठेवताना थबकली. आवळ्यावर पाणी कसं लागतं ते मराठी माणसाला सांगायला नको. चार महिन्यांत तिला पहिल्यांदा काहीतरी गोड लागलं होतं, आणि ते दवाखान्याच्या पद्धतीने उकळलेलं नळाचं पाणी होतं.

"वहिनी," ती म्हणाली, "दहीभात आणा. लौकर आणा, चव जायच्या आत."

वहिनी पळाल्या. सत्तरीतली बाई टेकाडाला वळसा घालून साडी खोचून पळाली, आणि सतरंजीसकट सगळं गोळा करून घेऊन आली.

पत्रावळी पुन्हा मांडल्या. आवळीभोजनात आधी एका ब्राह्मणाला वाढायचं असतं. आमच्याकडे असा मान कुठल्याही कार्यात दादा स्वतःच घेतो. तो मांडी घालून बसलाही होता. बायकोने पहिली पत्रावळ उचलली आणि त्या मुलीसमोर ठेवली.

मुलगी जरा मागे सरली. "आमच्या घरी पूजाबिजा नसते हां मावशी. आम्ही बौद्ध."

"पूजा सुबाभळीची झाली," बायको म्हणाली. "इथे नुसतं जेवण आहे. जेवतेस ना?"

"जेवते की."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. आमचं घराणं काही फार पुढारलेलं नाही, उगाच तसा आव आणणार नाही. मग त्याने वाटी उचलली आणि तिच्या पानात स्वतः साखरभात वाढला. "झाड दाखवलं त्यांचा मान," म्हणाला. "घ्या. संकोच नक्को."

"थोडा कमी, आजोबा. ड्युटीवर झोप येईल."

बायको जेवली. आवळ्याचा एक चावा, मग दहीभाताचे दोन-तीन घास, चव पुसट झाली की पुन्हा आवळा. अशी ती युक्ती तिने स्वतःच शोधली, आणि अंकगणिताच्या बाईला शोभेल अशा शिस्तीने पार पाडली. दहीभात संपला. अर्धी पुरी गेली. तिळाची चटणी तिने बोटाने चाटली. मुलगी तिला झाडांच्या गोष्टी सांगत होती, कुठल्या पळसाला कुठले पक्षी येतात, कुठल्या धोंड्याखाली घोरपड राहते. माझ्या पानातलं थंड झालं होतं. मला भूक असून जेवता येत नव्हतं.

निघताना मी त्या मुलीचे आभार मानायला गेलो. तीस वर्षं मी लोकांसाठी आभाराची भाषणं लिहिली. ऋणी, कृतज्ञ, शब्द अपुरे, हे सगळे शब्द मला पाठ होते आणि त्यांतला एकही तोंडात येईना. तिने माझ्या हातात उरलेले आवळे ठेवले. "पोटात गेलं ना मावशींच्या? बस्स," म्हणाली, आणि वायरलेसवर कुणाशी तरी तेलुगूत भांडत टेकाडामागे गेली.

मंगळवारी बायको काट्यावर चढली. मी आकड्याकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे पाहिलं. वजन वाढलं नव्हतं. उतरलंही नव्हतं. मागच्या आठवड्याचा आकडा तसाच उभा होता. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, रक्ताचे कागद पुन्हा चाळले, आणि एकच शब्द बोलले. "चालेल."

नर्सने खुर्ची मागे केली, सुई लावली, बाटलीतून थेंब पडू लागले. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो. थोड्या वेळाने तिने डोळे न उघडताच माझ्या गुडघ्यावर टकटक केलं.

"अहो, वहिनींना फोन लावा. संध्याकाळी काय करणार आहेत, विचारा."